१९६६ ची एमजीबी: हलक्या पायाला ब्रेक लाइट लागत नाहीत, स्विच बदलावा का?

राजारामपुरीकर

नमस्कार. माझ्याकडे १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी आहे. पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले), सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, सगळे मूळचे. वायरिंगमध्ये आजवर कोणी फारसा हात घातलेला नाही. अलीकडे तिचे ब्रेक लाइट विचित्र वागू लागले आहेत. पेडल जोरात दाबले तर दोन्ही दिवे व्यवस्थित लागतात; पण वेग थोडासा कमी करण्यासाठी आपण पेडलवर जेमतेम पाय टेकवतो, तेवढ्याने काहीच होत नाही. आंबा घाटात माझ्या मागून येणाऱ्या मित्राने हे सांगितले, नाहीतर गाडीत बसून मला ते कधीच कळले नसते. गळीत हंगाम जवळ आला आहे. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसणार हे आपण कोल्हापूरकर धरूनच चालतो, पण आपल्याच गाडीला तो नसावा हे काही बरे नव्हे.

या गाडीचा स्विच पेडलजवळ नाही. तो ब्रेकच्या पाइपांच्या पितळी जोडावर बसवलेला आहे आणि ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. मूळचा स्विच वर्षानुवर्षे टिकला होता; त्याच्या जागी गेल्या दिवाळीच्या सुमारास नवा, बाहेरून मागवलेला बसवला, तोच आता असा दगा देतो आहे. दोष स्विचचाच आहे याची खात्री घरच्या घरी कशी करावी, तो काढताना सगळे ब्रेक ऑइल वाहून जाईल का, आणि अँबॅसॅडरचा स्विच या जागी चालेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. अँबॅसॅडरचे येथील एका दुकानदाराने सुचवले आहे.

तारजोड

राजारामपुरीकर साहेब, आपण दिलेल्या लक्षणातच निम्मे उत्तर आहे. फ्यूज, बल्ब किंवा अर्थ यांपैकी काही बिघडले असते, तर पाय हलका आहे की जड याच्याशी दिव्यांना काही देणेघेणे नसते. दाब वाढल्यावरच दिवे लागतात, याचा अर्थ संशय स्विचवरच जातो. तरीही नवा मागवण्याआधी पाच मिनिटे खर्च करावीत.

इग्निशन चालू करा आणि इंडिकेटर व पेट्रोलचा काटा चालतो का ते पाहा. या गाडीत ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा यांना एकाच फ्यूजमधून, हिरव्या वायरीने पुरवठा होतो. त्यामुळे ते चालत असतील तर फ्यूज शाबूत आहे. मग स्विचवरच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा. एक नुसती हिरवी असेल आणि दुसरी हिरवीवर जांभळी रेघ असलेली. दिवे लख्ख लागले तर पुढचे सगळे वायरिंग, बल्ब आणि अर्थ निर्दोष आहेत. मंद लागले किंवा एकच लागला तर मागच्या दिव्यांच्या होल्डरकडे आणि डिकीतल्या बुलेट कनेक्टरांकडे वळा. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी चार महिने झाकून उभी राहिली की त्या कनेक्टरांवर हिरवा गंज हमखास चढतो.

हे करताना इंजिन बंद ठेवून इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) जुळलेल्या स्थितीत थांबले असतील तर इग्निशन कॉइल तापून खराब होते.

यानंतरची चाचणी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. वायरी परत स्विचला लावा, मल्टीमीटरची दोन टोके स्विचच्या दोन पिनांवर धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेडल दाबायला सांगा. पेडल मोकळे असताना मीटर बॅटरीइतके व्होल्ट दाखवेल. स्विच नीट जुळला की आकडा जवळपास शून्यावर आला पाहिजे. पाव व्होल्टापेक्षा जास्त काही उरत असेल, तर आतले संपर्कबिंदू जळलेले आहेत असे खुशाल समजावे, मागे दिवा लागलेला दिसत असला तरीही.

आणखी एक. स्विचवरची रबरी टोपी वर करून पिनांच्या बुडाशी ओल आहे का, ते बोट लावून पाहा. या स्विचच्या आत एक लवचीक पडदा असतो. ऑइलच्या दाबाने तो वर उचलला जातो आणि तांब्याची छोटी चकती दोन बिंदूंवर टेकवतो. पडदा फाटू लागला की ऑइल आधी संपर्कबिंदूंवर येते आणि मग पिनांतून बाहेर पाझरते. आपल्या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेकचे एकच सर्किट आहे. त्यामुळे तेथे ओल दिसली तर प्रश्न दिव्यापुरता उरत नाही. गाडी रस्त्यावर काढू नये.

लेथवाला उद्यमनगर

दुकानदाराने अँबॅसॅडरचे सुचवले यात नवल नाही. ती गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आली, म्हणजे घराणे ब्रिटिशच. पण घराणे एक असले म्हणून आटे जुळतीलच असे नाही, आणि ब्रेकच्या कामात दिसण्यावर जाऊ नये. एमजीबीच्या या स्विचचे आटे निमुळते, एक अष्टमांश (१/८) इंच मापाच्या पाइपाचे, इंचाला २७ असे असतात. त्यांचा बाहेरचा व्यास साधारण १०.३ मिलिमीटर भरतो. बाजारात १० मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर अंतराच्या सरळ आट्यांचे स्विचही मिळतात. २७ आटे म्हणजे दोन आट्यांत सुमारे ०.९४ मिलिमीटर अंतर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. चुकीचा स्विच दोन-तीन फेरे गुमान आत जातो, मग अडतो, आणि अडल्यावर आपण पान्याला जोर देतो. तेथेच पितळी जोडाचे आटे कापले जातात. जुना स्विच घेऊन दुकानात जावे आणि आटे मोजायच्या गेजने दोन्ही तपासून घ्यावेत. गेज नसेल तर उद्यमनगरात कोणत्याही लेथवर मिनिटभरात तपासून देतील.

ऑइल वाहून जाण्याची भीती रास्त आहे, पण त्यावर सोपा उपाय आहे. पेडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडी फळी अडकवून पेडल इंचभर दाबलेले ठेवा. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा सिलिंडर, त्यातला रबर तेवढ्याने टाकीकडून येणाऱ्या बारीक छिद्राच्या पुढे सरकतो आणि टाकीतले ऑइल खाली यायचे थांबते. फळी लावल्यावर थोडा वेळ थांबून राहिलेला दाब उतरू द्या, खाली जाड फडके अंथरा, नवा स्विच हातात तयार ठेवा, जुना काढा आणि लगेच नवा हाताने फिरवून बसवा. चार-दोन थेंबांपलीकडे काही सांडत नाही. सांडलेले ऑइल रंग खाते, म्हणून ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. नुसते पुसून भागत नाही.

स्विच सोडवताना आणि आवळताना पितळी जोड दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर त्याला जोडलेले जुने पाइप पिळले जातात. निमुळत्या आट्यांना तांब्याचा वॉशर लागत नाही, कारण आटे स्वतःच घट्ट बसून गळती थांबवतात. काही जण सवयीने पांढरी टेप गुंडाळतात. ब्रेकमध्ये ती मुळीच वापरू नये. तिचा एखादा धागा सुटून आत गेला तर कोठे जाऊन अडकेल ते सांगता येत नाही. शेवटी पेडल दाबून ते घट्ट लागते का पाहावे. जरा जरी मऊ वाटले तर चारही चाकांची एअर काढावी.

घाटवाट

वरील दोघांचे म्हणणे बरोबर असले तरी मी थोडे वेगळे सुचवतो. दाबावर चालणारा हा स्विच नव्या उत्पादनांत फार टिकत नाही, अशी तक्रार जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मालकांकडून जगभर ऐकू येते. नंतरच्या एमजीबी गाड्यांत पेडलने चालणारा साधा यांत्रिक स्विच आला, तो उगाच नव्हे. उद्यमनगरात छोटी पट्टी वाकवून घेऊन पेडलजवळ तसा स्विच बसवावा आणि पाइपावरच्या जागी योग्य आट्यांचा बूच लावावा. पाय टेकताक्षणी दिवे लागतात आणि ब्रेकच्या पाइपात गळू शकणारी एक जागाही कमी होते.

लेथवाला उद्यमनगर

घाटवाट दादा, कल्पना चांगली आहे, पण तिच्यातला धोका सांगितल्याशिवाय ती कोणाला देऊ नये. यांत्रिक स्विच जरा जास्त पुढे बसवला आणि पेडलला पूर्ण मागे येऊ दिले नाही, तर मास्टर सिलिंडरचे तेच बारीक छिद्र कायमचे झाकलेले राहते. मग चाकांकडचे गरम झालेले, फुगलेले ऑइल टाकीत परतू शकत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. गगनबावड्याचा घाट उतरताना असे झाले तर काय, याचा विचार करावा. स्विच बसवल्यावर पेडलची थोडी मोकळी हालचाल शिल्लक आहे का, हे हाताने पेडल हलवून तपासलेच पाहिजे. पट्टीही जाड पत्र्याची हवी. ती वाकली की सगळे माप बिघडते.

तारजोड

माझे मत असे, की मूळ जागी मूळ पद्धतीचाच स्विच ठेवावा आणि त्याच्यावरचा भार काढून घ्यावा. नवे स्विच लवकर का जातात, याचे कारण बहुतांशी विजेचे आहे. ब्रेक लाइटचे दोन बल्ब प्रत्येकी २१ वॅटचे, म्हणजे ४२ वॅट. १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. शिवाय गार तारेचा रोध फार कमी असल्याने दिवा लागण्याच्या क्षणी याच्या कितीतरी पट प्रवाह वाहून जातो. एवढा भार ती चिमुकली चकती प्रत्येक ब्रेकला जोडते आणि तोडते. तोडताना ठिणगी पडते, बिंदू काळे होतात, आणि मग वीज जाण्यासाठी त्यांना अधिकाधिक जोराने दाबावे लागते. आपल्याला जड पाय का लागतो, ते यावरून कळेल.

मध्ये रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठा प्रवाह जोडणारा स्विच, घातला की स्विचला फक्त रिलेच्या कॉइलपुरता प्रवाह सांभाळावा लागतो, तो साधारण अँपिअरचा पाचवा-सहावा हिस्सा. मूळ वायर कोठेही न कापता हे करता येते. हिरव्या वायरीवर छोटा फाटा घेऊन एक टोक स्विचला आणि एक रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला द्यावे. स्विचच्या दुसऱ्या पिनेवरून नवी वायर रिलेच्या कॉइलला, आणि कॉइलचे दुसरे टोक बॉडीला. जांभळ्या रेघेची वायर स्विचवरून काढून ८७ नंबरला लावावी. पुढेमागे गाडी मूळ स्थितीत आणायची झाली तर सगळे पंधरा मिनिटांत निघते.

मात्र कॉइलमुळेही स्विच तुटताना ठिणगी पडते, म्हणून कॉइलला समांतर एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा. वन-एन-४००७ हा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा स्वस्त डायोड पुरतो. बहुतेक आकृत्या निगेटिव्ह अर्थ गृहीत धरून काढलेल्या असतात, आपल्या गाडीत बॉडी पॉझिटिव्ह आहे. डायोडवरची पट्टी नेहमी पॉझिटिव्हकडे, म्हणजे आपल्याकडे बॉडीच्या बाजूला आली पाहिजे. उलटा लावला तर पहिल्याच ब्रेकला डायोड किंवा फ्यूज यांपैकी एक जाईल. हाच विचार एलईडी बल्ब घेतानाही करावा. निगेटिव्ह अर्थसाठी बनवलेले एलईडी बल्ब या गाडीत लागणारच नाहीत.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. वायरी थेट जोडल्यावर दिवे लख्ख लागले. मीटरवर हलक्या पायाला बॅटरीचे पूर्ण व्होल्ट दिसत होते आणि जोरात दाबल्यावरही आकडा एका व्होल्टाच्या खाली उतरत नव्हता. टोपीखाली एका पिनेच्या बुडाशी ओलही सापडली, त्यामुळे गाडी तशीच उभी केली. अँबॅसॅडरसाठी म्हणून दाखवलेला स्विच गेजवर जुळला नाही, तेव्हा तो विषय संपला. योग्य आट्यांचा नवा स्विच आता बसवला आहे. फळीची युक्ती उत्तम चालली आणि पेडल पहिल्यासारखे घट्ट लागते. घाटवाट दादांचा यांत्रिक स्विच तूर्त बाजूला ठेवतो, कारण पेडलच्या मापाची जोखीम मला घ्यायची नाही.

रिले आणला आहे, पण त्याच्या अंगावरच्या आकृतीत कॉइलच्या शेजारी डायोडचे चिन्ह आधीच छापलेले दिसते. अशा वेळी कॉइलच्या ८५ आणि ८६ नंबरच्या टोकांपैकी कोणते बॉडीला द्यावे?

तारजोड

बरे झाले, लावण्याआधी विचारलेत. डायोड आतच असेल तर ती दोन टोके अदलाबदल करून चालत नाहीत, आणि बाहेरून वेगळा डायोडही लावावा लागत नाही. अशा रिलेमध्ये बहुधा ८६ ही पॉझिटिव्ह बाजू असते, म्हणून आपल्या गाडीत ८६ बॉडीला आणि ८५ स्विचकडून येणाऱ्या वायरीला. तरी अंगावरची आकृती अंतिम मानावी: डायोडच्या चिन्हातील त्रिकोणाच्या टोकाशी जी आडवी रेघ असते, ती ज्या नंबराकडे आहे तो बॉडीला. शंका वाटली तर साध्या, डायोड नसलेल्या रिलेवर बदलून घ्या आणि बाहेरून डायोड लावा. रिले पाणी उडणार नाही अशा जागी, पिना खाली करून बसवा.