मूक, मुक्त की खुला? ऑनलाइन कोर्सला काय म्हणावं

आबोली
नमस्कार मंडळी, डिचोलीतल्या आमच्या वाचनालयातर्फे कॉलेजच्या मुलांसाठी पत्रक काढतोय, घरबसल्या करायचे ऑनलाइन कोर्स किती तऱ्हेचे आणि त्यात फरक काय, इतकंच. कच्च्या मसुद्यात 'मूक कोर्स' असं आलं होतं (इंग्रजी MOOC, Massive Open Online Course, म्हणजे कितीही लोकांना खुला ऑनलाइन कोर्स), तो वाचून एका मुलाच्या आईने विचारलं, हे न बोलणाऱ्या मुलांसाठी आहे का? मग मी 'मुक्त' सुचवलं तर कमिटीतले काका म्हणतात, मुक्त म्हणजे नाशिकचं विद्यापीठ, फी भरून डिग्री. 'खुला' त्यांना हिंदी वाटतो. शनिवारी छापायला द्यायचंय, काय लिहू?

फोंड्याचा मास्तर
आबोलीताई, ओपन म्हणवणारे सगळे एकच दार उघडं ठेवत नाहीत, घोळ तिथेच आहे. १९८५ चं दिल्लीचं इग्नू आणि १९८९ चं नाशिकचं, या मुक्त विद्यापीठांनी प्रवेशाचं दार उघडलं, फी राहिलीच. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने वर्गातलं साहित्य नेटवर ठेवायचं जाहीर केलं, कोणीही घ्या, पण शिकवायला माणूस नाही की परीक्षा नाही. आणि 'मूक' हे नाव आलं २००८ मध्ये, कॅनडात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांच्या कोर्सवरून, त्यात मॅनिटोबा विद्यापीठाची फी भरलेले जेमतेम २५ आणि बाहेरून फुकट आलेले दोन हजारांच्या वर. तिथे ठरीव पुस्तक नाही, प्रत्येकाने आपल्या ब्लॉगवर लिहायचं, ते सगळं गोळा होऊन रोज ईमेलने सगळ्यांकडे जायचं, आणि दुसऱ्याचं वाचून त्यावर आपण लिहायचं हाच अभ्यास. आज मुलं ज्याला कोर्स म्हणतात ते २०११ नंतरचं, स्टॅनफर्डच्या एआय कोर्सला दीड लाखावर नावं आली, पुढच्या वर्षी कोर्सेरा, एडएक्स या कोर्सच्या वेबसाइट आल्या. व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट घ्या. २००८ चा प्रकार आणि हा, दोघांना एकच शब्द लावला तर पत्रक वाचून मुलाला काहीच कळणार नाही.

काजूबोंडू
मास्तरांचं पटलं. वास्कोचा दामोदर सप्ताह बघा, चोवीस तास अखंड भजन, रात्री एकेका समाजाचे पार, म्हणजे गाणारे जथे, गात येतात, कोण गाणार आणि कोण ऐकणार असं कायमचं ठरलेलं नाही. २००८ चा प्रकार तसा. नंतरचा म्हणजे कीर्तन, बुवा उभे आणि आपण समोर. 'भजनी कोर्स' आणि 'कीर्तनी कोर्स' म्हणा, गोव्यातल्या पोराला लगेच कळेल.

आबोली
पत्रकात भजनी कोर्स लिहिलं तर पेटी-तबल्याची चौकशी करायला लोक येतील हो.

वळेसर
आणि कीर्तनात समोरचे गप्प बसतात हे कोणी सांगितलं? बुवांनी म्हटलं की अख्खा मांडव विठ्ठल विठ्ठल करतो. कोर्सेराच्या व्हिडिओसमोर बसलेला खरोखरच मूक असतो.

शुद्धमती
सरळ 'मुक्त अभ्यासक्रम' लिहा. रूढ शब्द आहे, संस्कृत आहे, शिवाय गोव्यात त्याला वेगळं वजन आहे, १९ डिसेंबरला आपण मुक्तिदिन पाळतो. कोर्स, कोर्स काय चाललंय सगळ्यांचं?

काजूबोंडू
शुद्धमतीबाय, नेमकं म्हणूनच नको. आमच्याकडे मुक्त म्हणजे कोणाच्या तरी ताब्यातून सुटलेला. हे कोर्स कोणाच्या ताब्यातून सुटले? एडएक्स २०२१ मध्ये टूयू या कंपनीने ८० कोटी डॉलरना घेतलं, कोर्सेरावर बऱ्याच कोर्सना तपासून मिळणारा गृहपाठ पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. आपल्या सरकारच्या स्वयम् पोर्टलवर शिकणं फुकट पण परीक्षेला फी. यांना मुक्त म्हणणं मला जिवावर येतं. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाला म्हणा हवं तर, त्यांचं साहित्य कॉपी करून, बदलून पुन्हा वाटायची परवानगी आहे.

शुद्धमती
शब्दाचा अर्थ कंपन्यांच्या वागण्यावरून ठरवायचा का मग?

फोंड्याचा मास्तर
वापरावरूनच ठरतो की. ताई, स्वयम् चं मात्र ठळक टाका, यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करून क्रेडिट मिळू शकतात, कॉलेजने मानलं तर. मुलांना शब्दापेक्षा याची गरज जास्त.

तांबडी माती
एवढं कशाला, माझी आजी 'दार उक्तें दवर' म्हणायची. उक्तो कोर्स! कोकणी असला म्हणून काय, गोव्याच्या मराठीत चालायला हरकत नाही.

घाटावरचा
अहो नको! आमच्याकडे उक्तं म्हणजे ठोक, अंगावर घेतलेलं काम. 'घराचं प्लॅस्टर उक्तं दिलंय.' उक्ता कोर्स म्हणजे एकरकमी पैसे भरून उरकायचा असं वाटेल, अगदी उलटं.

तांबडी माती
दोन्ही शब्द एकच असणार बघा. जे उघड बोलून ठरलं ते उक्तं, संस्कृत 'उक्त'.

शुद्धमती
बोलण्यावरून उघडं दार कसं येईल? कोकणी उक्तें मला तरी मुक्त मधला म गळून झालेलं वाटतं, म्हणजे फिरून माझाच शब्द आला.

घाटावरचा
मग कोकणीत इतर शब्दांचा म का नाही गळला, माती, मीठ, मासळी सगळं जाग्यावर आहे की.

आबोली
मंडळी, शनिवार.

वळेसर
ताई, 'बिनफीचे' लिही आणि खाली कंसात परीक्षेची फी. घाटावरचे दादा, तुमच्याकडे कौलं शाकारायचं कामही उक्तं देतात का? पेडण्यात माझ्या सासरी ते रोजावरच देतात. उक्तं दिलं की गडी फुटकं कौल उचलून बघत नाहीत, वरच्यावर सारखं करून उतरतात, आणि मिरगाच्या पहिल्या सरीला माजघरात टोप मांडावे लागतात.

घाटावरचा
आमच्याकडे आता पत्रेच. पण विहिरीचा गाळ काढायचं काम अजून उक्तंच जातं, हाताने मोजून.