गाडी आसरा पुलाखालून जाते, थांबत नाही. सोलापूरला शहरी रेल्वे हवी की नको?

जुळेकर
माझी बहीण कर्नाटकात इंडीकडे दिली आहे. विजापूरकडून येणाऱ्या गाडीत बसली की होटगी सुटल्यावर फोन करते, "आले बघ." मी गच्चीवर जातो. पाच-दहा मिनिटांत डबे दिसतात, आसरा पुलाखालून गाडी निघून जाते. त्यानंतर बहीण तीनेक किलोमीटर पुढे स्टेशनात उतरते, दोन पिशव्या आणि पोरगं घेऊन दादरा चढते, बाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करते आणि सात रस्त्यावरून परत आसऱ्याला येते. गाडीने घरावरून नेलेल्या माणसाला रिक्षा पुन्हा घरी आणते. रिक्षाचं भाडं गाडीच्या तिकिटाहून जास्त होतं.

हे एका बहिणीचं नाही म्हणून हा धागा काढतोय.

सोलापूरला रुळांची कमी कधीच नव्हती. १८६० मध्ये मुंबईहून रेल्वे इथे पोचली, तीच पुढे वाडीमार्गे चेन्नईची मुख्य लाईन झाली. पंधरा किलोमीटरवर होटगीला गदग-विजापूरची लाईन येऊन मिळते. आता तिसरी येतेय, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव, ८४ किलोमीटर. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली, निम्मा खर्च राज्य सरकारचा. तीन दिशांचे रूळ एका गावात एकत्र येणार, पण त्या गावातल्या गावात फिरायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. आसऱ्याकडच्या 'जुळे सोलापूर' या नव्या वस्तीतल्या माणसाला बाळ्याला जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं.

मागणी साधी आहे. पाकणी-बाळे-सोलापूर-आसरा-टिकेकरवाडी-होटगी अशी मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेची गाडी, सकाळी आणि संध्याकाळी दर तासाला. आसऱ्याला नवा हॉल्ट, म्हणजे छोटा थांबा, बाकी स्टेशनं आहेतच. पुढे तीच गाडी एका बाजूला तुळजापूर, दुसऱ्या बाजूला विजापूर. मेट्रो नको, बोगदा नको. नवी लाईन जोडताना यार्डात तोडफोड होणारच आहे, तेव्हाच हॉल्ट आणि शटलची जागा धरली पाहिजे. एकदा सिमेंट ओतलं की पुढची चाळीस वर्षं कुणी हात लावत नाही.

घरकुलातला
मालक, बहिणीचे हाल समजतात. पण तुमचा नकाशा शहराच्या एकाच कडेने जातो.

मी कुंभारीला राहतो. गोदूताई परुळेकर घरकुलात दहा हजार घरं आहेत, २००६ पासून माणसं राहतात. शेजारी रे नगर, तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. सगळी विडी, यंत्रमाग, बांधकामावरची माणसं. आमच्या अंगाला रूळ कुठे आहे? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला कुठे आहे? अशोक चौक, साखर पेठ, नीलम नगर, सगळा पूर्व भाग कोरडा. तुमची मेमू भरून धावली तरी त्यात या शहराचा कष्टकरी नसणार.

माझी आई अजून विड्या वळते. सकाळी सुपात कापलेली पानं, मांडीवर तंबाखू, हजार विड्या व्हायला दिवस जातो. संध्याकाळी त्या टोपलीत भरून कारखान्यात द्यायच्या आणि उद्याचं पान-तंबाखू घेऊन यायचं. या येण्याजाण्याला बस असली तर ठीक, नसली तर सहा आसनी रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसायचं. धक्का लागून विड्या मोडल्या की छाटात जातात, त्याची मजुरी मिळत नाही. तिच्यासाठी आसऱ्याचा हॉल्ट काय करणार?

एका हॉल्टच्या, फलाटाच्या, दादऱ्याच्या पैशात सिटी बस घ्या. बस रस्ता बदलू शकते, रूळ बदलत नाही. दिल्लीची रिंग रेल्वे बघा. १९७५ मध्ये मालगाड्या शहराबाहेरून वळवायला बांधली, १९८२ च्या एशियाडसाठी तीवर प्रवासी गाड्या वाढवल्या, पस्तीसेक किलोमीटरचं कडं. स्टेशनं वस्तीपासून आणि बसथांब्यांपासून तुटलेली, म्हणून एवढ्या मोठ्या शहरात ती ओस पडली. रूळ आहेत म्हणून गाडी चालवायची, हा विचारच उलटा आहे. आधी माणसं कुठे आहेत ते बघा.

डबल पिवळा
चौतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीच याच सेक्शनला. जुळेकरांची मागणी मनापासून आवडली, पण एक अडचण दोघांनीही धरलेली नाही.

सोलापूर ते होटगी हा तुकडा म्हणजे दोन ओढ्यांचं पाणी एकाच मोरीतून काढणं. वाडीकडची सगळी वाहतूक आणि गदगकडची सगळी वाहतूक इथून जाते. त्यात फताटेवाडीच्या औष्णिक प्रकल्पाचा कोळसा, वर सिमेंटच्या रेक. भरलेली कोळशाची रेक एकदा उभी केली की पुन्हा वेग घ्यायला किती वेळ खाते ते इंजिनात बसल्याशिवाय कळत नाही.

आता हॉल्ट. लोक म्हणतात, अर्धा मिनिट तर थांबायचंय. थांबा अर्ध्या मिनिटाचा असतो, पण त्याच्या आधी ब्रेक आणि नंतर वेग धरून तीन-चार मिनिटं जातात. जिथे ॲब्सोल्यूट ब्लॉक आहे तिथे दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. म्हणजे तुमची मेमू आसऱ्याला उभी असेल तोवर मागची एक्सप्रेस स्टेशनातच सिग्नल बघत राहणार. सकाळी साडेसहाच्या सुमाराला इथून हुतात्मा पुण्याला सुटते, बाहेरगावच्या रात्रीच्या गाड्या आत येत असतात, नेमकी तीच वेळ तुम्हाला शटलला हवी आहे.

म्हणून क्रम उलटा घ्या. आधी सोलापूर-होटगी तिसरी लाईन, म्हणजे आहेत त्या दोन रुळांशेजारी तिसरा, निदान ऑटोमॅटिक सिग्नल, म्हणजे मागोमाग गाड्या सोडता येतात, मग मेमू. मेमूच हवी हे मात्र बरोबर. दोन्ही टोकांना केबिन असते, होटगीला इंजिन काढून फिरवावं लागत नाही आणि ती वेग लवकर धरते. तिसऱ्या लाईनशिवाय मागितलीत तर गाडी मंजूर होईल, वेळेवर मात्र कधीच धावणार नाही. मग घरकुलातल्या भाऊंचं म्हणणं खरं ठरेल.

पद्मानगरची अक्का
आमचं निम्मं कुळ हैदराबादला. तिथल्या एमएमटीएस या शहरी रेल्वेतून मी कितीदा गेले, म्हणून लिहिते.

ऑगस्ट २००३ मध्ये ती सुरू झाली. रेल्वेने आणि राज्याने पैसा निम्मा-निम्मा घातला, बहुतेक जुन्याच रुळांवर गाड्या. सिकंदराबाद, बेगमपेट, हायटेक सिटी, लिंगमपल्ली. माझी भाची हायटेक सिटीच्या ऑफिसात आहे. तिकीट इतकं स्वस्त की महिन्याच्या पासात तिचा निम्मा पगार वाचतो असं ती म्हणते, थोडं वाढवून सांगत असेल. पण तीच सांगते की लांब पल्ल्याची गाडी आली की हिची गाडी बाजूला ठेवतात. एक दिवस आठ मिनिटं उशीर, दुसऱ्या दिवशी चाळीस. नोकरीवाल्याला उशिरापेक्षा उशिराचा भरवसा नसणं जास्त खातं.

तेव्हा डबल पिवळा काकांचं पटतं. आणि घरकुलातल्या भावाचं अर्धं पटतं. पूर्व भागाला बसच लागेल. पण बस आणि रेल्वे यांत एकच निवडा असं कोण म्हणतंय? पैसा एकाच खिशातला नाही. सिटी बस महापालिकेची, लाईन रेल्वेची. रेल्वेचे पैसे आपण मागितले नाहीत म्हणून ते बस घ्यायला मिळणार नाहीत, दुसऱ्या गावाला जातील.

भिवंडीकर झालेला
तीस वर्षांपूर्वी मागावर काम करायला इथे भिवंडीला आलो, घर अजून साखर पेठेत. इथलं एक उदाहरण देतो.

मुंबईजवळ पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे जोडणारी वसई-दिवा लाईन आहे, भिवंडी रोड स्टेशन तिच्यावरच. अशी जोडणारी लाईन शहराला किती उपयोगाची! पण तिच्यावर लोकल नाही, दिवसाला मोजक्या मेमू, बाकी मालगाड्या. एक चुकली की पुढची कधी हे पाठ नसेल तर फलाटावर बसून राहायचं. म्हणून लाखो मजुरांच्या या गावात लोक ठाण्याला-कल्याणला बसने, टमटमने जातात आणि रेल्वे म्हणते प्रवासी नाहीत. जुळेकर, "तासाला एक" ही अट सोडू नका. दिवसाला दोन गाड्या पदरात पडल्या आणि तुम्ही पेढे वाटले तर तुमच्या लाईनचंही हेच होईल.

मीटरगेज
होटगीकडे ब्रॉडगेजशेजारून आमची मीटरगेज धावायची. गोलगुंबझ एक्सप्रेस तेव्हा त्या लहान रुळावरची. मुंबईची गाडी मोठ्या रुळावर, आमची लहान रुळावर, मधे हमालांची पळापळ. तिकडे कुर्डुवाडीला बार्शी लाईट रेल्वे, तिचा रूळ त्याहून अरुंद, अडीच फुटी, १८९७ सालची. या जिल्ह्यात तीन मापांचे रूळ होते आणि माल एका वाघिणीतून दुसरीत उपसावा लागे. सगळं ब्रॉडगेज व्हायला २००० नंतरचं दशक उजाडलं. आता माप एक झालं, तरी पंढरपूरला जायचं तर आधी ऐंशी किलोमीटर कुर्डुवाडी, तिथून पन्नासेक किलोमीटर उलट दक्षिणेला. रस्त्याने सत्तर-बहात्तर. रूळ जुळले म्हणजे प्रवास जुळला असं होत नाही, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

जुळेकर
सगळं दोनदा वाचलं.

काका, तिसरी लाईन हा मुद्दा मी घेतला. मागणीपत्रात तोच पहिला येईल, हॉल्ट दुसरा. भिवंडीकर, तासाची अट ठेवतो.

घरकुलातले भाऊ, तुमच्या आईच्या टोपलीवर माझ्याकडे उत्तर नाही. कुंभारीला रूळ जाणार नाही, खोटं कशाला बोलू. पण एक सांगतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला विजापूर, इंडीकडून जी माणसं येतात, रोज दवाखान्यात, बाजार समितीत, कॉलेजात येतात, ती आज स्टेशनात उतरून सात रस्त्याची, पार्क चौकाची गर्दी वाढवतात. त्याच गर्दीत तुमची बस अडकते. त्यातली काही आसऱ्याला, काही बाळ्याला उतरली तर तुमच्या बसलाही रस्ता मोकळा मिळेल.

घरकुलातला
"काही" म्हणजे किती? इथेच मी अडतो. सगळे अंदाजावर बोलतोय, मी पण. बाळ्याला किती उतरतील, आसऱ्याला किती, हे कुणी मोजलेलं नाही.

आणि माझी अट ऐका. आसरा आणि टिकेकरवाडीला गाडी थांबायच्या वेळेला कुंभारीची बस तिथे उभी पाहिजे, त्याच वेळापत्रकात छापलेली. हे मागणीपत्रात पहिल्या पानावर असेल तर मी सही करतो आणि घरकुलातून पाचशे सह्या आणतो. शेवटच्या पानावर "फीडर सेवेचा विचार व्हावा" असं गुळमुळीत असेल तर विरोधात उभा राहीन.

डबल पिवळा
अट रास्त आहे. आणि मोजणी अवघड नाही. विजापूरकडून सकाळी येणाऱ्या गाड्यांतून उतरणाऱ्याला दोनच गोष्टी विचारायच्या, कुठून आलात आणि आता कुठे जाणार. आठवडाभर.

पद्मानगरची अक्का
स्टेशनच्या दारात मी आणि माझ्या दोन मैत्रिणी उभ्या राहू. कन्नड बोलणारी एक जण लागेल, इंडीच्या बायका मराठीत लाजतात.

जुळेकर
कन्नडला माझी बहीण येईल. सोमवारी, सकाळच्या पहिल्या गाडीनेच.

घरकुलातला
मग होटगीला मी.