पार्किंग परमिट आणि दंडाच्या सिस्टीमचं टेंडर: मसुद्यात काय घालू?

सीमाभागातली_ताई
नमस्कार मंडळी. मी चिकोडी भागातल्या एका नगरपालिकेत कॉम्प्युटर शाखेला आहे. बाजारपेठेतल्या रहिवाशांना पार्किंग परमिट, बाकीच्यांना तासाप्रमाणे फी आणि भलतीकडे लावलेल्या गाड्यांवर कारवाई, या सगळ्यासाठी एकच सिस्टीम घ्यायची ठरलीय. मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. सोबत एका कंपनीचं माहितीपत्रक आणि ‘यातलेच मुद्दे घाला’ असा निरोप. त्यात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हातातलं मशीन किती इंचाचं, हेच पानोपानी. परमिट कुणाला, एका घराला किती, याची एक ओळ नाही.

इथली तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. इथल्या केए २३ नंबरच्या गाडीला खेटून महाराष्ट्रातली, कोल्हापूरची एमएच ०९ उभी. त्यातली एखादी कागलहून बाजाराला आलेली, एखादी आमच्याच गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या मास्तरांची. जुन्या दुचाकींवर नंबर कुठं कन्नड आकड्यांत, कुठं मराठीत रंगवलेला, वर चिखल. हे काम मला नीट करायचंय. चुकीचं चलन गेलं की माणूस कंपनीकडं जात नाही, आमच्या खिडकीवर येतो. अनुभवी लोकांनी सांगा की.

निवृत्त_टेंडरशाखा
ताई, ते माहितीपत्रक आधी बाजूला ठेवा. एकाच कंपनीच्या मशीनची मापं टेंडरमध्ये उतरली की दुसरं कोण भरणारच नाही. केटीपीपी, म्हणजे सरकारी खरेदीत पारदर्शकता ठेवायचा कर्नाटकचा कायदा, १९९९ मध्ये आला तो हेच प्रकार थांबवायला. सिस्टीमनं काय करून दाखवायचं ते लिहा, कशानं करायचं ते त्यांना ठरवू दे.

त्याच्याही आधी एक गोष्ट: फी आणि दंड एकत्र कालवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे गाड्या उभ्या करायच्या जागा राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली यंत्रणा ठरवते, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. मनाईच्या जागेवरची गाडी उचलायला किंवा चाकाला जॅमर लावायला कलम १२७ खाली वर्दीतल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. ठेकेदाराच्या पोरानं परस्पर जॅमर लावला आणि कुणी कोर्टात गेलं, तर उत्तर नगरपालिकेला द्यावं लागणार. म्हणून पोलिसांबरोबर बैठक घ्या, कोण काय करणार ते लेखी घ्या आणि ते कागद टेंडरला जोडा. ते हातात येईपर्यंत टेंडर काढूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ‘प्रत्येक चलनामागे इतके टक्के’ असा मोबदला अजिबात नको. चलनं वाढवण्यातच ठेकेदाराचा फायदा झाला तर बाजारात रोज भांडणं. महिन्याला ठरलेली रक्कम द्या आणि सिस्टीम बंद पडली किंवा चुकीची चलनं गेली की बिलातून कापा.

मूळचा_खानापूरचा
पुण्यात याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. टेंडर भरणाऱ्या कंपन्यांना तांत्रिक गुण द्यायच्या आधी प्रात्यक्षिक तुमच्याच रस्त्यावर घ्या, ऑफिसातल्या पडद्यावर नको. बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत. रंगवलेल्या आकड्यांपुढं कॅमेरा हमखास अडखळतो, म्हणून फोटो माणसानं बघून पक्का केल्याशिवाय चलन जाऊ नये, ही अट घाला. नेटवर्क गेलं तरी मशीननं नोंद धरून ठेवायला हवी. गाडीमालकाची माहिती सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या गाडी-नोंदणी डेटाबेसमधून येते, त्याची परवानगी कोण आणणार तेही आत्ताच ठरवा, नाहीतर काम सुरू झाल्यावर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

डेटा नगरपालिकेचा. करार संपला की सगळ्या परमिटांची आणि चलनांची यादी साध्या, कुठंही उघडणाऱ्या फाइलीत मिळायला पाहिजे, वेगळे पैसे न घेता.

बाजारगल्ली
ताई, आमचं किराण्याचं दुकान, घर त्याच्यावरच. सकाळी मालाचा टेम्पो उभा राहतो, पोती उतरायला अर्धा तास जातो. त्याला ठरावीक वेळेचं परमिट ठेवा. रहिवाशाचा पुरावा म्हणून फक्त घरपट्टीची पावती मागितली तर भाडेकरू बाहेर पडतात. हेस्कॉमचं लाइट बिल आणि भाडेकरार पण चालू दे. आणि मेसेज कन्नडबरोबर मराठीतही आला पाहिजे. माझ्या सासूबाईंना मराठी सोडून वाचता येत नाही, पण स्कूटर त्यांच्या नावावर आहे.

सीमाभागातली_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, पोलीस ठाण्याशी बैठकीचं पत्र उद्याच टाइप करते. टेम्पोचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, तो नियमात घेते. एक राहिलं: परराज्यातली गाडी १२ महिन्यांच्या वर इथं ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. मग त्या मास्तरांसारख्यांना परमिट देताना मुदत १२ महिन्यांचीच ठेवावी का?

निवृत्त_टेंडरशाखा
ठेवा. पण इथला नंबर मिळाला की तेच परमिट नव्या नंबरावर चढवून द्यायची सोय सिस्टीममध्ये मागा, परत पहिल्यापासून अर्ज करायला लावू नका.