आयरिस एक्सई असून विचर ३ ला २० एफपीएस? काय चुकतंय सांगा

अकोल्याचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लॅपटॉप बाबांनी हप्त्यावर घेऊन दिलाय म्हणून नवीन गेमिंग लॅपटॉप घे हा सल्ला प्लीज नका देऊ. आय५-११३५जी७, ८ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घेताना दुकानदार म्हणाला होता यात इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स आहे, गेम आरामात चालतील.

सेलमध्ये विचर ३ हा गेम घेतला, कित्येक वर्षांपासून खेळायचा होता. १०८० रिझोल्यूशनवर सगळं लो ठेवून १४-१५ एफपीएस (सेकंदाला तेवढ्या फ्रेम), ७२० वर आणलं तर २०-२२, आणि गेममधल्या नोव्हिग्राड शहराच्या वेशीतून आत गेलो की घोडा एक पाऊल टाकतो न स्क्रीन अडकते, परत एक पाऊल, परत अडकते. यूट्यूबवर बघून विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) १२८ एमबीचा ५१२ केला, काडीचा फरक नाही. पण याच प्रोसेसरवर लोकांचे व्हिडिओ बघतो तर त्यांचा ३५-४० ला चालतोय! रिफंडही होत नाही, गेम घेतला त्या स्टीमवर दोन तासांच्या वर खेळून झालंय. भाऊ लोक सांगा राव काहीतरी.

रात्रपाळी
आधी हे बघ की तू कुठलं व्हर्जन चालवतोयस. गेम २०१५ चा आहे पण डिसेंबर २०२२ ला नेक्स्ट-जेन अपडेट आला त्यानंतर तो बराच जड झाला. सुरू करताना डीएक्स (डायरेक्टएक्स, ग्राफिक्सचा मोड) ११ की १२ विचारतो, तिथे ११ घे. त्याहून चांगलं म्हणजे स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, बीटाज, तिथे क्लासिक १.३२ मिळेल, ते टाक. जुनाच गेम, जुनीच ग्राफिक्स, पण आपल्यासारख्या मशीनवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हेअरवर्क्स (केसांचा इफेक्ट) बंद, शॅडो लो, झाडांचं अंतर लो. टेक्स्चर मात्र मीडियमला ठेवून बघ, सगळंच लो केलं की आपल्या हिरोचा, जेराल्टचा चेहरा मातीचा वाटतो आणि त्यातून एफपीएस फारसे मिळत पण नाहीत.

बंड्या_४५
मित्रा खरं सांगू का, ऑनबोर्ड ग्राफिक्सवर असले गेम खेळणं म्हणजे जिवाला त्रास. जुना सेकंड हँड कन्सोल घे, डिस्क आणून खेळ, मोकळा हो.

रिपेअरवाला_सांगली
कन्सोलला पैसे कशाला घालायला लावताय पोराला, थांबा जरा.

पोट्ट्या, एक काम कर. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर, खाली 'स्लॉट्स यूज्ड' (रॅमच्या किती जागा भरल्यात ते) लिहिलंय तिथे काय दिसतंय? आणि त्याच खिडकीत जीपीयूवर क्लिक करून नाव वाच. माझी खात्री आहे तिथे आयरिस एक्सई नाही, इंटेल यूएचडी लिहिलेलं असणार. चिप तीच आहे, पण रॅमची एकच पट्टी असली की इंटेल तिला आयरिस एक्सई म्हणतच नाही.

का ते नीट समजून घे. वेगळ्या कार्डावर स्वतःची मेमरी असते. विचर ३ आला तेव्हा कमीत कमी जीटीएक्स ६६० कार्ड लागेल असं सांगितलं होतं, त्या कार्डाच्या मेमरीतून सेकंदाला १४४ जीबी डेटा जातो. तुझ्या लॅपटॉपात ग्राफिक्सची स्वतःची मेमरी नाहीच, ती साध्या रॅमवर चालते. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी, आणि त्यातही प्रोसेसर वाटेकरी. दोन पट्ट्या झाल्या की ५१.२. विहिरीत पाणी आहे पण पोहरा लहान, अशी गत आहे तुझी. म्हणून रजिस्ट्रीतून काही होत नाही, तो १२८ चा आकडा नुसता दाखवायचा आहे, गरज पडली की विंडोज निम्म्यापर्यंत रॅम तशीही ग्राफिक्सला देतं.

दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ८ जीबीची डीडीआर४ ३२०० लॅपटॉपची पट्टी घे. कंपनी वेगळी चालते, स्पीड तोच बघ. दुकानात हे घेताना सांगायला पाहिजे होतं त्यांनी, पण कुणी सांगत नाही, ८ जीबी लिहिलं की विषय संपला. वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी विचारून घे.

अकोल्याचा_पोट्टा
दादा डिट्टो!! १ ऑफ २. आणि नाव यूएचडीच आहे. दोन वर्षं मी सगळ्यांना आयरिस एक्सई सांगत होतो...

रात्रपाळी
रॅम टाकशील तेव्हा टाक, पण गरमीचंही बघ. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ ला जातो, आणि तू गादीवर लॅपटॉप ठेवून खेळत असशील तर खालची जाळी बंद होते. पहिली दहा मिनिटं बरा चालतो आणि मग हळूहळू एफपीएस पडतात, असं होत असेल तर ते तापणं आहे. टेबलावर ठेव, मागून दोन वह्या लावून उचल, चार्जर लावूनच खेळ. आणि गेममध्ये फ्रेम ३० ला बांधून टाक. २५ ते ४० च्या मध्ये वरखाली होण्यापेक्षा सरळ ३० डोळ्यांना बरे वाटतात, शिवाय चिपला प्रत्येक फ्रेममागे दम घ्यायला वेळ मिळतो.

अकोल्याचा_पोट्टा
अपडेट द्यायला आलो. वॉरंटी संपली होती म्हणून घरीच उघडला. दहा स्क्रू, त्यातले मागचे दोन लांब, ते वेगळ्या वाटीत ठेवले. झाकण निघेना, शेवटी जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवलं तेव्हा टक टक करत सुटलं. बॅटरीची पिन काढली, पट्टी तिरपी घुसवून खाली दाबली, दोन्ही बाजूच्या चापा बसल्या. चालू केला तर स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, स्क्रीन काळी. बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते, माझे हात गार पडले. मिनिटभराने लोगो आला.

टास्क मॅनेजरमध्ये पहिल्यांदा आयरिस एक्सई हे नाव वाचलं. क्लासिक व्हर्जन, ७२०, लो-मीडियम, मोकळ्या रानात ३८-४२, आणि नोव्हिग्राडच्या मोठ्या चौकात ३० ला बांधलेलं आहे तर क्वचितच खाली जातं. घोडा सलग चालतो. बाजारात भाजी विकणाऱ्या बायका काय ओरडतात ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं, आधी आवाजही तुटत होता.

सांगलीवाले दादा, तुमचे उपकार आहेत. ९०० वर नेऊन बघू का, की ७२० वरच राहू?

रिपेअरवाला_सांगली
बरं वाटलं वाचून. काळ्या स्क्रीनचं आधी सांगायला पाहिजे होतं मी, नवीन रॅम ओळखायला पहिल्यांदा वेळ घेतो तो. ९०० ला दीडपटीहून जास्त पिक्सेल होतात, नोव्हिग्राडमध्ये परत अडकेल. गावाबाहेर बघ करून, पण शहरात ७२० च ठेव.