रूल ५: चांगला पिचर ४० जणांच्या यादीबाहेर का ठेवतात?

सिडकोचा डावखुरा:

मी अमेरिकन बेसबॉलमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सचा चाहता. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या आपल्याकडच्या भालाफेकीतल्या पोरांना पिट्सबर्गने करार दिला, तेव्हापासून. आता नाशिकच्या अंबडला फर्स्ट शिफ्ट असते. पहाटे साडेचारच्या सुमारास मॅच लागली की तीन-चार इनिंग बघूनच घर सोडतो.

प्रश्न खरं तर भाच्याचा आहे. पंधरा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पार्किंगच्या भिंतीला जुनी गादी बांधून रोज संध्याकाळी टाकत असतो. बॉलचं कातडं काळपट पडलंय, शिवण एका बाजूला फुगलीय. फोर-सीमची (सरळ वेगवान चेंडूची) पकड घेताना त्याचं मधलं बोट बरोबर त्या फुगवट्यावर बसतं, म्हणून नवा बॉल आणला तरी त्याला हाच लागतो.

तर नोव्हेंबरात क्लबच्या राखीव ४० खेळाडूंची यादी ठरली, की जोरात टाकणारा एखादा पोरगा हमखास बाहेर राहिलेला असतो, आणि डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब त्याला उचलतो. भाचा म्हणतो, "मामा, चार-पाच वर्षं घडवला आणि असाच सोडला?" मला नीट सांगता आलं नाही. कुणी समजावेल का?

गंगापूर रोड बुलपेन:

भाऊ, असाच सोडत नाहीत, हिशेब करून सोडतात. १८ किंवा त्याआधी करार झालेल्या पोराला पाच हंगाम मिळतात, १९ किंवा त्यापुढच्याला चार. तेवढ्यात ४० मध्ये घेतला नाही तर तो ड्राफ्टला उघडा पडतो.

आता नोव्हेंबरात जागा का नसते ते बघा. हंगाम चालू असताना ६० दिवसांच्या जखमींच्या यादीतले खेळाडू ४० मध्ये मोजत नाहीत. वर्ल्ड सिरीज संपली की ती यादीच बंद होते आणि ते सगळे परत ४० मध्ये येऊन बसतात. दाटी तिथे होते. शिवाय कच्चा पोरगा लवकर यादीत घेतला की त्याचे ऑप्शन, म्हणजे खालच्या लीगमध्ये पाठवायची मुभा असलेली वर्षं, खर्ची पडू लागतात. खाली पाठवायला साधारण तीनच वर्षं मिळतात. तेवढ्यात तो तयार झाला नाही तर वेव्हर्सवर, म्हणजे इतर क्लबना घ्यायची संधी देताना, हातचा जातो.

उचलणाऱ्यालाही सोपं नाही. एक लाख डॉलर मोजायचे आणि पुढचा पूर्ण हंगाम त्याला मुख्य संघाच्या २६ जणांत ठेवायचं. नाही जमलं तर आधी वेव्हर्स, मग जुन्या क्लबला पन्नास हजारांत परत देऊ करायचा. २६ मध्ये पिचर जास्तीत जास्त १३. त्यातली एक जागा अशा पोराला द्यायची जो खाली पाठवता येत नाही! जिंकायला निघालेला क्लब सहसा हे करत नाही. यादी करणारा याच भरवशावर असतो, आणि कधीकधी फसतो.

दिंडोरीचा बागायतदार:

ऑक्टोबर छाटणीनंतर घड विरळताना चांगला घडही काढावा लागतो, हात अडखळतो. तसंच हे.

पण भाच्याला पिचर योहान सान्तानाची गोष्ट जरूर सांगा. १९९९ मध्ये अॅस्ट्रोज क्लबने त्याला उघडा ठेवला. ड्राफ्टमध्ये पहिली निवड ट्विन्स क्लबची, दुसरी मार्लिन्सची. मार्लिन्सनी सान्ताना घेतला आणि ट्विन्सच्या निवडीशी अदलाबदल केली, वर रोख रक्कमही दिली. २००० मध्ये त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितके चांगले) ६.४९! ट्विन्स त्या वर्षी ९३ सामने हरले, म्हणून तर त्याला सांभाळता आला. २००२ मध्ये त्याला मुख्य लीगच्या लगेच खालच्या ट्रिपल-एला पाठवून चेंजअप (वेग कमी करून फसवणारा चेंडू) घोटून घेतला. २००४ ला साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, २००६ ला पुन्हा.

अलीकडचा हवा असेल तर गॅरेट व्हिटलॉक. २०१९ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, २०२० ला कोरोनामुळे मायनर (खालची) लीगच झाली नाही. यँकीजनी उघडा ठेवला आणि उचलला कुणी, तर त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी रेड सॉक्सनी. २०२१ मध्ये ईआरए १.९६. मला विचाराल तर हा नियम पोराच्या बाजूचा आहे. एकाच क्लबच्या रांगेत अडकलेल्याला दुसरं दार उघडतं.

पंचवटीची कॅचर:

दादा, यादीचं कळलं, पण मला तुमच्या पोस्टमधलं "रोज संध्याकाळी" खटकलं. मी सॉफ्टबॉल खेळले, कॅचर होते, शेजारच्या संघातल्या एका मुलाचा कोपर सोळाव्या वर्षी गेलेला पाहिलाय. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट नियमांत १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू आहेत. ३१ ते ४५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ७६ किंवा जास्त झाले तर चार दिवस. आणि वर्षातले किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद. ही मोजणी मॅचमधल्या चेंडूंची असली तरी गादीवर जोर लावून टाकलेल्यांनाही लावा. उद्यापासून वही घाला.

सिडकोचा डावखुरा:

ताई, वही घातली. काल ४२ झाले, आज बॉल कपाटात आहे. जेवताना त्याला सान्तानाचं वाचून दाखवलं. ६.४९ ऐकून म्हणाला, "आणि तरी ठेवला?" मग बराच वेळ गप्प होता.

आता चेंजअपची पकड शिकायची म्हणतो. मला ती येत नाही. कुणाला येत असेल तर रविवारी सकाळी आम्ही गोल्फ क्लब मैदानावर असतो.