चित्रफीत संपादनासाठी घरी संगणक जोडायचा आहे

प्रश्न: इंदूरमधील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटके मोबाइलवर फोर-केमध्ये चित्रित होतात. त्यांच्या संपादनासाठी ५०,००० रुपयांत, मॉनिटर वगळून, संगणक जोडायचा आहे. ग्राफिक्स कार्डावर अधिक खर्च करावा की प्रोसेसरवर?

उत्तर १: प्रोसेसरवर. मोबाइल अनेकदा एचईव्हीसी या जागा वाचवणाऱ्या, घट्ट आवळलेल्या स्वरूपात चित्रण साठवतो आणि ते उलगडण्याचे काम इंटेलच्या प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सची क्विक सिंक ही सोय उत्तम करते. म्हणून इंटेलचा सहा कोअरचा (गणना करणाऱ्या सहा भागांचा) आय५-१२४०० प्रोसेसर घ्यावा, मात्र ‘एफ’ अक्षराचा स्वस्त प्रकार घेऊ नये, कारण त्यात अंतर्गत ग्राफिक्सच नसते. दुकानदार नेमका तोच पुढे करतात.

उत्तर २: सहमत आहे, परंतु आपण दाविंची रिझॉल्व्ह हे संपादनाचे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर रंगसंस्कार आणि चित्रातील दाणेदारपणा काढण्याचा भार ग्राफिक्स कार्डावरच पडतो, त्यामुळे पुढे कार्ड बसवता येईल असा पुरेशा क्षमतेचा पॉवर सप्लाय (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आताच घ्यावा. रॅम प्रत्येकी १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत असावी.

उत्तर ३: एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान साठवण) चालू काम ठेवावे, जुनी नाटके साध्या हार्ड डिस्कवर. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाच्या दोन-तीन दुकानांतून लेखी दर घ्यावेत.