पाट्याचा जड सत्तूर पाणी देताना तडकला, नेमकं चुकलं कुठं?

शेडवाला_कराड

नमस्कार मंडळी. घरामागं १२ बाय १५ ची पत्र्याची शेड आहे, तिथं दोन वर्षं हौसेनं लोहारकाम शिकतोय. खुरपी, विळे, दोन कोयते झालेत, शेजारचे लोक वापरतात पण. आता गावातल्या मटणवाल्यांनी किलोभराचा जड सत्तूर मागितला, नळीचं हाड एका घावात तुटलं पाहिजे म्हणाले.

ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा घेतला, ९ मिमी जाड, ७५ मिमी रुंद. तीन दिवस घालवले. आधी धारेची बाजू ठोकताना पातं केळीसारखं वर वाकलं, ते कसंतरी सरळ केलं. मग शेवटी लालभडक तापवून पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि टिंग असा आवाज आला, बघतो तर धारेपासून इंचभर वर तडा. आजोबा सांगायचे की पोलादाला पाणी द्यावंच लागतं नाहीतर धार टिकत नाही, तसंच केलं मी. नंतर व्हाइसमध्ये धरून तुकडा मोडला तर आत जाड साखरेसारखा दाणा चमकत होता.

भट्टी (ब्लोअरची, दगडी कोळसा) मागच्या कोपऱ्यात आहे, ऐरण मधोमध आणि टाकी दाराजवळ नळाखाली. पाटाच खराब होता का? नवीन स्टील मागवू का? तीन दिवसांची मेहनत गेली, फार वाईट वाटतंय.

ऐरणीवरचा

दादा, स्टील मागवायच्या आधी एक सांगा, भट्टीपासून टाकीपर्यंत किती पावलं आहेत? तुमच्या वर्णनावरून सात-आठ तरी असतील. मला वाटतं चूक तिथूनच सुरू झाली. पातं बाहेर काढलं की पातळ धार दोन-तीन सेकंदांत काळवंडायला लागते, मग माणूस काय करतो, वाटेत गार होईल म्हणून आधीच जास्त तापवतो. तुम्ही लालभडक म्हणताय ते बहुतेक नारंगीच्याही पुढं गेलं असणार. जास्त तापलं की आतला दाणा मोठा होतो, तीच तुम्ही पाहिलेली साखर. नीट पाणी बसलेल्या पोलादाचा तुकडा मोडला तर आत राखाडी, मऊ पिठासारखं दिसतं, चमक नसते.

आणि आजोबा बरोबरच सांगायचे पण "पाणी देणं" म्हणजे दरवेळी पाणीच असं नाही. आमच्यात तेलात बुडवलं तरी पाणी दिलं असंच म्हणतात. जुने लोक पाणी वापरायचे तेव्हा अख्खं पातं बुडवायचे नाहीत, फक्त धारेकडचा दोन बोटांचा पट्टा बुडवायचा, बाहेर काढायचं, वाळूवर घासून उजळ करायचं आणि पाठीतली ऊब धारेकडं उतरताना रंग बघत बसायचं, पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. हवा तो रंग धारेवर आला की परत बुडवायचं. ही नजर यायला वर्षं जातात. तुम्ही तेल वापरा.

माझे वडील दुकान लावून द्यायचे तेव्हा पहिली गोष्ट ही की भट्टी आणि ऐरण यात एकच पाऊल, नुसतं वळलं की काम सुरू. ऐरणीची उंची म्हणजे सरळ उभं राहून मूठ खाली सोडली की बोटांची पेरं जिथं येतील तिथं, घण मारणारा जोडीला असेल तर थोडी खाली. ठोकळा बाभळीचा आणि जमिनीत हातभर गाडलेला. सांडश्या भट्टीच्या कठड्यावर तोंडाच्या मापानं लावलेल्या, जड पाट्याला चपट्या तोंडाची वेगळी, कारण किलोभराचं गरम लोखंड सांडशीत फिरलं तर ते पायावरच येतं. हातोडे ऐरणीच्या उजवीकडं. जमिनीवर काहीच नको, पाचर नको, तुकडा नको, वायर तर नकोच नको.

रस्त्याकडेला घिसाडी लोकांचं काम थांबून बघा कधी. जमिनीत रोवलेली ऐरण, शेजारी खड्ड्यातली भट्टी, माणूस बसूनच सगळं करतो आणि समोर बाई उभी राहून घण घालते. अख्खं दुकान चार हातांत मावतं तरी एकही वस्तू शोधावी लागत नाही. त्या बायकांच्या घणाचा ताल बघून मी शिकलोय, कारागिराचा लहान हातोडा जिथं टेकला तिथंच पुढचा घाव, आणि तो ऐरणीच्या कडेवर टकटक वाजला की थांबायचं. तोंडानं बोलायची गरज नाही.

केळीचं उत्तर सोपं आहे. धारेची बाजू चेपली की ती लांबते, पाठ तेवढीच राहते, म्हणून टोक वर जातं. चेपायच्या आधीच पातं उलटं वाकवून घ्या, टोक धारेकडं झुकलेलं, ठोकता ठोकता आपोआप सरळ येतं. तरी राहिलं तर पाठ ऐरणीवर टेकवून वरून धारेवर लाकडी हातोडा, लोखंडी नाही. आणि रंग मंद लाल झाला की हात थांबवा, गार पोलाद ठोकलं की आत चिरा पडतात, त्या पाणी देताना उघडतात.

हीटट्रीट_भोसरी

वरच्यांशी सहमत. मी हीट ट्रीटमेंटमध्ये नोकरी करतो म्हणून थोडे आकडे देतो.

आपल्याकडचे पाटे बहुतेक ईएन ४५ किंवा एसयूपी ९ जातीचे असतात, कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. सत्तुराला हे उत्तम आहे, उलट फार जास्त कार्बनचं घेतलं तर हाडावर धारेचे तुकडे उडतील. पण ही तेलात बुडवायची स्टील्स आहेत, गार पाण्यात अख्खं बुडवलं की तडा जाण्याची शक्यता फार. जुन्या पाट्याची अजून एक भीती म्हणजे लाखो झटके खाऊन आत बारीक चिरा असू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत. शक्यतो पाट्याचं काम करणाऱ्या गॅरेजमधून न वापरलेल्या पाट्याचा उरलेला तुकडा मागा.

ठोकून झालं की लगेच पाणी देऊ नका. आधी तीन वेळा तापवून हवेत गार होऊ द्या, दरवेळी आधीपेक्षा थोडं कमी तापवून. मोठा झालेला दाणा यानं परत बारीक होतो. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते जड पात्यात हीच सगळ्यात महत्त्वाची.

तापमानाला लोहचुंबक वापरा. ७७० डिग्रीच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटत नाही, तिथून अजून थोडं वर, ८५० च्या जवळ, मग तेलात. शेडमध्ये ऊन येत असेल तर आडोसा करा, उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस नकळत जास्त तापवतो. तेल आधी ५०-६० डिग्री कोमट करून घ्या, कोमट तेल पातळ होतं, उष्णता पटकन ओढतं. सोयाबीन किंवा सूर्यफूल चालेल, गाडीचं जळकं ऑईल नको, धूर विषारी असतो. अशा पात्याला १५ लिटर तरी लागेल. पातं पूर्ण आत गेलं पाहिजे, अर्धवट बाहेर राहिलं की पेट घेतं. डबा लोखंडाचा, झाकण हाताशी, शेजारी वाळूची बादली. तेलाच्या आगीवर पाणी कधीच टाकू नका!! शेडची वरची बाजू उघडी ठेवा, कोळशाचा वायू जिवावर बेततो आणि वास पण येत नाही.

शेडवाला_कराड

मोजलं, बरोबर नऊ पावलं. आणि मी मुद्दामच जास्त तापवलं होतं, तुम्ही समोर उभं राहून बघितल्यासारखं सांगितलंत. एक विचारतो, तेलातून काढल्यावर कडक झालेलं पातं थोडं मऊ करायचं ते कसं? रंग बघायची नजर नाही माझी. घरात ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे.

हीटट्रीट_भोसरी

ओटीजी चालेल, पण त्याच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत थर्मामीटर ठेवा. हाताला सोसेल इतकं गार झालं की लगेच ठेवा, रात्रभर तसंच सोडू नका, त्या अवस्थेत ते काचेसारखं असतं आणि आपोआप तडकू शकतं. २३० डिग्री, दोन तास, गार करा, परत दोन तास. ओटीजीत ठेवायच्या आधी कानस फिरवून बघा, घसरली तर पाणी बसलंय. पकडली तर सगळं पहिल्यापासून.

दुकान_मटणाचं

मी लोहार नाही पण सत्तूर रोज सहा-सात तास हातात असतो म्हणून लिहितो. किलोचा मागितलाय ठीक आहे पण ते वजन कुठंय त्यावर सगळं अवलंबून. वजन पात्याच्या पुढच्या अर्ध्या भागात असलं तर सत्तूर स्वतःच पडतो, आपण फक्त दिशा द्यायची. मुठीकडं जड असला तर संध्याकाळपर्यंत मनगट जातं. पातं ८ इंच लांब ४ इंच रुंद, पाठीला ६ मिमी पुष्कळ झालं. धार चाकूसारखी पातळ काढू नका, दोन्ही बाजूंनी पोटाला फुगीर ठेवा, म्हणजे हाड फाकतं आणि पातं अडकत नाही. माझा एक सत्तूर बाजारातून आणला होता, सपाट घासलेला, पहिल्याच आठवड्यात धारेला चंद्रकोरीसारखे तुकडे गेले.

मूठ शिसवीची किंवा बाभळीची, पितळी रिपिटा तीन, लाकूड पॉलिश करून गुळगुळीत करू नका, चरबीच्या हाताला ते सुटतं. मुठीचं शेवटचं टोक थोडं खाली वळवा म्हणजे करंगळी अडते. टांगायचं भोक पुढच्या वरच्या कोपऱ्यात, पण ते पाणी द्यायच्या आधीच पाडून घ्यायला सांगतात आमचे लोहार, नंतर ड्रिल चालत नाही.

शेडवाला_कराड

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. आधी सत्तूर नाही, शेड केली. भट्टी पुढं ओढली, ऐरण एका पावलावर आणली आणि ठोकळा गाडला, चार इंच जास्त उंच होती ती आता पेरांना लागते, खांदा दुखायचा तो थांबला. सांडश्यांना सळईचा कठडा केला. तेलाचा डबा भट्टीच्या डाव्या हाताला, झाकणाला साखळी लावून. पश्चिमेच्या खिडकीला पोतं.

गॅरेजमधून कोरा तुकडा मिळाला. चुलतभाऊ घणावर होता, पहिल्या दिवशी दोघांचा ताल जमेना, दुसऱ्या दिवशी टकटकीची खूण पाळायला लागलो तसं काम पळायला लागलं. उलटं वाकवून घेतलं होतं, पातं खरंच सरळ आलं. तीनदा हवेत गार केलं, भोक पाडलं, चुंबक सुटल्यावर थोडा दम धरला आणि वळून एका पावलात तेलात. आवाज आला नाही कसलाच. कानस घसरली तेव्हा भावानं मला मिठीच मारली.

मूठ बसवून ९८० ग्रॅम भरलं. परवा मटणवाल्यांना दिला, त्यांनी माझ्यासमोर बोकडाच्या नळ्या तोडल्या, धार नखावर फिरवून बघितली, कुठं खाच नाही. आता त्यांच्या भावाला पण हवाय, तो डावखुरा आहे. दोन्ही बाजूंनी सारखीच फुगीर धार असेल तर डाव्या हाताला वेगळं काही करावं लागतं का, की फक्त मुठीचा बाक बदलायचा?

दुकान_मटणाचं

धार तीच ठेवा. मुठीचा बाक पण खालीच असतो, दोन्ही हातांना चालतो. फक्त त्यांना एकदा हातात धरायला देऊन मग मूठ घासा, डावखुऱ्यांची पकड थोडी मागं असते असा माझा अनुभव आहे. फोटो टाका ना पहिल्याचा.